भा. रा. भागवत यांचे कुमार रहस्यकथालेखन

भास्कर रामचंद्र भागवत (३१ मे १९१० – २७ ऑक्टोबर २००१) हे मराठी बालसाहित्यिक, अनुवादक आणि संपादक होते. फुरसुंगी गावच्या बनेश फेणे ऊर्फ ‘फास्टर फेणे’ या शाळकरी मुलाला नायक करून त्यांनी वीस पुस्तकांची मालिका लिहिली. रक्तपात आणि क्रौर्य टाळून, हौशी शोधकर्त्याच्या चौकसपणावर उभी राहणारी रहस्यकथा मराठी कुमारवाचकांत रुजवण्याचे मोठे श्रेय या मालिकेला दिले जाते. भागवत या प्रकाराकडे थेट आले नाहीत. वृत्तविभागातील नोकरी, मुलांच्या मासिकाचे संपादन आणि विज्ञानकादंबऱ्यांचे अनुवाद असे टप्पे ओलांडून ते रहस्यकथेपर्यंत पोहोचले.

पार्श्वभूमी

भागवत यांचा जन्म इंदूर येथे झाला. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रात त्यांनी काही काळ नोकरी केली. १९४२च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात त्यांनी भाग घेतला आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यकार होत्या आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘वनिता मंडळ’ या कार्यक्रमामुळे श्रोत्यांना परिचित होत्या.

स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात भागवतांनी मुलांसाठी ‘बालमित्र’ हे मासिक चालवले. मुलांच्या मासिकाच्या संपादकाला दर महिन्याला वाचकाला पुन्हा बोलवावे लागते, आणि पुढील अंकाची वाट पाहायला लावणारी गोष्ट हे त्याचे हुकमी साधन असते. भागवतांच्या पुढील लेखनातील वेग, प्रकरणाच्या शेवटी राखलेली उत्कंठा आणि वाचकाशी केलेली सलगी यांचे मूळ या अनुभवात शोधता येते.

अनुवादांचा टप्पा

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न हे भागवतांचे आवडते लेखक. व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यांपैकी विशेष वाचली गेलेली पुस्तके. ‘शेंडेनक्षत्र’ म्हणजे धूमकेतू. परभाषेतील संज्ञेला असा ओळखीचा, थोडा खट्याळ मराठी शब्द देण्याची त्यांची हातोटी या नावातच दिसते. ‘उडती छबकडी’ या पुस्तकातून त्यांनी स्वतंत्र विज्ञानकथाही लिहिल्या.

या अनुवादांचा रहस्यकथेशी संबंध वरवर दूरचा वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. व्हर्नच्या कथानकात चमत्काराला कारण असते. जे अद्भुत दिसते त्यामागे एखादे यंत्र किंवा निसर्गनियम निघतो आणि पात्रे तर्काने तेथपर्यंत पोहोचतात. रहस्यकथेची रचनाही हीच असते. फरक एवढाच की तिथे निसर्गनियमाच्या जागी माणसाचा हेतू येतो. मात्र व्हर्नचे नायक शास्त्रज्ञ, दर्यावर्दी आणि प्रौढ होते. मराठी मुलाला आपला वाटेल असा, त्याच्याच वयाचा नायक अनुवादातून मिळणे कठीण होते.

तत्कालीन मराठी रहस्यकथा

भागवत मुलांसाठी लिहीत होते त्या काळात मराठीत रहस्यकथेला प्रचंड वाचकवर्ग होता. बाबूराव अर्नाळकर यांनी झुंजार, काळापहाड, धनंजय अशा नायकांच्या एक हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनीही हा वाचकवर्ग टिकवला. छोटेखानी वाचनालयांतून ही पुस्तके हातोहात जात. परंतु ती प्रौढांसाठी होती. टोळ्या, पिस्तुले, खून आणि वेषांतर हा त्यांचा मालमसाला असल्यामुळे पुष्कळ घरांत मुलांना ती वाचण्यास मनाई असे. मुले ती चोरून वाचत, हा भाग वेगळा. भागवतांच्या लेखनाने ही कोंडी फोडली: रहस्याची ओढ कायम ठेवून पालकांनी स्वतः आणून द्यावे असे पुस्तक तयार झाले.

फास्टर फेणे

बनेश हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा किडकिडीत, चपळ मुलगा. तो पुण्यातील विद्याभवन शाळेत शिकतो. सायकलवरील त्याच्या वेगाला शोभणारे ‘फास्टर’ हे टोपणनाव त्याला चिकटते. काही ध्यानात आले की जिभेने ‘ट्टॉक’ असा आवाज काढणे ही त्याची लकब. त्याची मामेबहीण माली आणि मित्र सुभाष देसाई ही मालिकेतील नेहमीची पात्रे होत.

‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’, ‘आगे बढो फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘फास्टर फेणेची काश्मिरी करामत’, ‘गुलमर्गचे गूढ’ आणि ‘फास्टर फेणेची डिटेक्टिव्हगिरी’ ही मालिकेतील काही पुस्तके. शीर्षकांवरूनही कथानकांचा आवाका ध्यानात येतो. शाळा आणि पुणे शहर येथून निघालेला नायक गडावर जातो, काश्मीरला जातो आणि जाईल तेथे त्याला काहीतरी खटकते.

नायकाची निवड हा या मालिकेचा कणा आहे. बनेश श्रीमंत नाही, धिप्पाड नाही आणि त्याच्याजवळ शस्त्रही नाही. त्याचे भांडवल म्हणजे सायकल, निरीक्षण आणि गप्प न बसण्याची वृत्ती. शिवाय तो मूळचा शहरी नाही. पुस्तकातील मुले शहरी, सुखवस्तू घरांतली असण्याचा प्रघात असताना खेड्यातून शिकायला आलेला मुलगा नायक होणे, ही गोष्ट शहराबाहेरच्या वाचकांसाठी लहान नव्हती. फुरसुंगी या खऱ्या गावाचे नाव पुणे परिसराबाहेरच्या मराठी वाचकांच्या तोंडी बसले ते या मालिकेमुळे.

‘बिपिन बुकलवार’ हा भागवतांचा आणखी एक कुमारनायक. नावाप्रमाणेच तो पुस्तकवेडा आहे. फेणेच्या तुलनेत तो मागे राहिला.

कोझी मिस्टरीशी नाते

इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात शोध घेणारी व्यक्ती पोलीस नसून हौशी असते, समाज लहान व परिचित असतो, हिंसा पडद्याआड राहते आणि शेवटी विस्कटलेली घडी पुन्हा बसते. अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल हे त्याचे ठळक उदाहरण. तिची पहिली कादंबरी १९३० साली आली. मुलांच्या साहित्यात जर्मन लेखक एरिश केस्टनर यांची १९२९ची ‘एमिल’ची गोष्ट आणि एनिड ब्लायटन यांची १९४२पासूनची ‘फेमस फाइव्ह’ मालिका या प्रकाराच्या जवळ जातात.

फास्टर फेणेच्या कथा या व्याख्येत पूर्ण बसत नाहीत. एका खेड्यात बसून माणसांचे स्वभाव ताडणे हा मिस मार्पलचा मार्ग. बनेश मात्र धावतो, पाठलाग करतो, संकटात उडी घेतो. त्यामुळे या कथांत कोड्याइतकेच साहसही आहे, आणि काही पुस्तकांत तर ते कोड्यावर मात करते. हौशी शोधक, सौम्य हाताळणी, विनोद आणि घरगुती जिव्हाळा या बाबतींत मात्र नाते स्पष्ट आहे.

बंगालीतील समांतर उदाहरण अधिक जवळचे आहे. सत्यजित राय यांनी १९६१ साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकाचे पुनरुज्जीवन केले आणि १९६५ साली त्याच मासिकात ‘फेलूदा’ हा त्यांचा गुप्तहेर प्रथम अवतरला. दोन्ही भाषांत मुलांच्या मासिकाचा संपादक रहस्यकथाकार झाला. फेलूदा मात्र प्रौढ आहे आणि मूल त्याचा साहाय्यक. भागवतांनी मुलालाच मुख्य भूमिका दिली.

रूपांतरे

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘फास्टर फेणे’ ही मालिका प्रसारित झाली. तीत शीर्षक भूमिका सुमीत राघवन यांनी केली. २०१७ साली आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात अमेय वाघ यांनी फेणेची, तर दिलीप प्रभावळकर यांनी भा. रा. भागवत यांची भूमिका केली. चित्रपटातील बनेश शाळकरी नसून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण आहे आणि गुन्ह्याचे स्वरूपही पुस्तकांहून गडद आहे. मूळ मालिका पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाने पुस्तकरूपात उपलब्ध ठेवली आहे.