छत्तीस गुण आणि झिंगाट

वऱ्हाडात लग्नाचा मुहूर्त पंचांग ठरवतं आणि लग्न लागण्याची वेळ बँडवाला ठरवतो. या दोहोंच्या मध्ये जो तास-दीड तास उरतो, त्याला वरात म्हणतात. आमच्या अमरावती-अकोल्याचा संगीताचा इतिहास कुणाला लिहायचाच असेल तर त्यानं ग्रंथालयात जाऊ नये. लग्नसराईत राजकमल चौकात उभं राहावं. कुठलं गाणं टिकलं आणि कुठलं मेलं, याचा निकाल तिथे लागतो.

या इतिहासातलं आद्य प्रकरण म्हणजे १९५४चा ‘नागिन’. त्यातली बीनची धून वाजली की कालपर्यंत सभ्य असलेला नवरदेवाचा मावसभाऊ रुमालाचं टोक दातात धरतो आणि सरळ डांबरी रस्त्यावर लोळण घेतो. पॅन्ट नवी असली तरी घेतो. गंमत अशी, की ती मूळ बीन ही बीनच नव्हती! हेमंतकुमारांच्या संगीतात ती कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली होती. म्हणजे गारुड्याची नक्कल यंत्रानं केली, यंत्राची नक्कल बँडच्या क्लॅरिनेटनं आणि नागाची नक्कल मावसभावानं. इतक्या हातांतून गेल्यावर जो नाग उरतो, तो वरातीला पुरतो. पुढे १९६६च्या ‘सूरज’मधलं, बहरांना फुलं उधळायला सांगणारं रफीचं गाणं आलं. आमच्याकडे बहर मे महिन्यात सुट्टीवर असतो. पण बँडवाले ते निष्ठेनं वाजवत राहिले.

मग २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ आला. ऐन लग्नसराईत! पंचांग बघून काढल्यासारखा. नागराज मंजुळे दिग्दर्शक, संगीत अजय-अतुल यांचं, गाणी इनमिन चार. या चित्रपटाच्या संगीतासाठी दोघे भाऊ थेट लॉस एंजेलिसला गेले आणि तिथल्या सोनीच्या स्टुडिओत त्यांनी सिंफनी वाद्यवृंद बसवला. ‘झिंगाट’ त्यांनी स्वतःच लिहिलं आणि स्वतःच गायलं. पडद्यावर ते लागलं की प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायला जात. मराठी सिनेमाला लोक येतच नाहीत, असं म्हणणाऱ्यांची त्या वर्षी मोठी पंचाईत झाली. चित्रपटानं शंभर कोटींचा आकडा ओलांडला.

इकडे आमच्या बँडवाल्यांनी आठवड्याभरात गाणं बसवलं. एका बँडमास्तरला मी विचारलं, “नोटेशन कुठून मिळवलं हो?”

“नोटेशन कायले लागते भाऊ? पोट्टे आयकतेत अन् वाजोतेत.”

सिंफनीचा सगळा खर्च असा एका वाक्यात वजा झाला. नंतर गाण्याला फाटेच फुटले. डीजेवाल्यानं त्याचा वेग वाढवला. संदलवाल्यांनी ते ढोल-ताशावर घेतलं. संदल ही मूळची उरसातली मिरवणूक. पण आमच्याकडे त्या नावाची पथकं हिंदूंच्या वरातीतही घुमतात आणि कुणाला काही वाटत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिसरीतली पोरं त्यावर नाचली, गणपतीपुढे ते वाजलं, प्रचाराच्या ऑटोवर त्याच चालीत उमेदवाराचं नाव कोंबलं गेलं. २०१७ साली ‘सैराट’ कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ झाला, नायिका आपलीच रिंकू राजगुरू. २०१८ साली हिंदीत ‘धडक’ झाला. गाव उदयपूर, शब्द अमिताभ भट्टाचार्यांचे, घरं महालासारखी. सगळं बदललं, पण ‘झिंगाट’ हा शब्द काही त्यांना बदलता आला नाही.

इथवर सगळं मजेचं आहे. पण चाल ज्या ज्या गावाला गेली, तिथे तिनं गोष्ट काही बरोबर नेली नाही. चित्रपटात हे गाणं लग्नात वाजतच नाही. पाटलांच्या घरच्या वाढदिवसाला वाजतं, आणि त्यानंतर लगेच पाटलांची मुलगी आणि मासे धरणाऱ्याचा मुलगा पकडले जातात. पुढे ते पळून जाऊन लग्न करतात आणि शेवटी मुलीचेच नातेवाईक घरी येऊन दोघांना मारून टाकतात. बरं, ‘नागिन’ तरी काय? तिथेही दोन वैरी जमातींतल्या पोरापोरीचंच प्रेम. म्हणजे सत्तर वर्षं आम्ही वरातीत जातीबाहेरच्या प्रेमाचं गाणं वाजवतोय, आणि मांडवात पोटजातसुद्धा तपासून घेतोय! वाजवणारे एका जातीचे, नाचणारे दुसऱ्या. मांडवाच्या दाराशी बँड थांबतो, तसं गाणंही थांबतं.

याच अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांनी १९२७ साली विमलाबाई वैद्यांशी आंतरजातीय विवाह केला. त्याच वर्षी अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रह झाला, त्यातही ते पुढे होते. तेव्हा ‘नागिन’ नव्हता, ‘झिंगाट’ नव्हतं. भारतात बोलपट यायलाच अजून चार वर्षं होती. पार्श्वसंगीताशिवाय माणसानं एवढं करावं म्हणजे कमालच! पुढे सरकारनं अशा लग्नांना बक्षीस ठेवलं आणि २०१० साली आपल्या राज्यात ते पन्नास हजारांवर नेलं. पण तेवढ्यात हल्लीची वरातसुद्धा निघत नाही, ही अडचण आहेच.

परवा अकोल्याला एका लग्नात मुलाचे काका नाचून घामाघूम झाले आणि माझ्या शेजारी येऊन टेकले. नागही झाला होता, झिंगाटही झालं होतं.

“पोरगी आपल्याच पोटजातीतली हाय,” ते समाधानानं म्हणाले. “अठ्ठावीस गुन जुयले.”

“काकाजी, ज्याच्यावर नाचलात तो पिक्चर पाहिला का?”

“पाह्यला नं! पयल्याच आठवड्यात.”

“शेवट कसा वाटला?”

“शेवट कोन पाह्यते राजेहो! गानं झालं, का आपुन निंगून आलो.”