चरावरची प्लेट

माढ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणला होता. रहदारी अडू नये म्हणून त्यावर एक लोखंडी प्लेट टाकली. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी मृगाची पहिली सर आली आणि दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल त्या प्लेटवरून सपकन घसरली. चालवणारा माझा पुतण्या. हाताचं हाड मोडलं, दूध चरात वाहून गेलं. जमलेले लोक म्हणाले, 'पोरं गाड्या जोरात हाणतात, दुसरं काय!'

मी प्लेटवर तळहात फिरवून पाहिला. काचेसारखी गुळगुळीत. मग कडेला वाकून खालून पाहिलं, तर तिथे उंचवट्यांची नक्षी होती. म्हणजे प्लेट घसरू नये अशीच बनवलेली होती, फक्त उलटी टाकली होती. मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, 'गुरुजी, नक्षी वर ठेवली की गाड्यांचा खडखडाट होतो. लोक तक्रार करतात.'

ती नक्षी मला लहानपणापासून ओळखीची. माझे वडील शेजारच्या कुर्डुवाडीत रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी 1897 साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती उभारली आणि पुढे एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला पंढरपूर-मिरजेपर्यंत नेली. तेल, पाणी आणि कोळशाची भुकटी जिथे सांडते, तिथे पायाखाली गुळगुळीत लोखंड ठेवायचं नाही, हे वडिलांकडून मी अनेकदा ऐकलं आहे. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हर आणि फायरमन जिथे उभे राहत, त्या जागेचं नावच मुळी 'फूटप्लेट'.

या पत्र्याला बाजारात 'चेकर प्लेट' म्हणतात. तो बनवण्याची रीत सोपी आहे. तापून लाल झालेलं पोलाद दोन रुळांमधून दाबून काढतात. त्यातल्या एका रुळावर खाचा कोरलेल्या असतात. खाचांत पोलाद शिरतं आणि पत्र्याच्या एका बाजूला उंचवटे उमटतात. दुसरी बाजू सपाटच राहते. आपल्याकडे त्यासाठी आयएस 3502 हे भारतीय मानकही आहे. तेव्हा हे ज्ञान आपल्याला नवं नाही.

पण इतिहास पाहिला तर एक प्रश्न पडतो. लोखंड खडबडीत केलं गेलं, ते कुणाच्या पावलासाठी? एकोणिसाव्या शतकात लंडनच्या फुटपाथवर, घरांच्या तळघरांत कोळसा ओतण्यासाठी भोकं असत. त्यांच्या बिडाच्या झाकणांवर चालणारा घसरू नये म्हणून उठावाची नक्षी असे. पुढे महायुद्धात गरज पडली ती विमानांना. 1941 साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या मार्स्टन गावाजवळ, चिखलावर अंथरून धावपट्टी करता येईल अशा भोकांच्या पोलादी पट्ट्या वापरून पाहिल्या. एक पट्टी दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद आणि सुमारे तीस किलो वजनाची. भोकांमुळे वजन कमी झालं, पाणीही निचरून जाई. आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्या आल्या आणि युद्ध संपल्यावर ईशान्येकडच्या गावांत कुंपणाला लागल्या.

कामगाराची पाळी त्यानंतर आली. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यात 33 वं कलम होतं. जमिनीतला जो खड्डा किंवा उघडं तोंड धोक्याचं ठरू शकेल, ते भक्कम झाका किंवा त्याला कठडा घाला, असं ते सांगत होतं. कारखान्याच्या भिंतीआत हा नियम, आणि भिंतीबाहेर रस्त्यावर तसाच चर उघडा! रस्त्याच्या कामावरील सुरक्षिततेची स्वतंत्र मार्गदर्शिका इंडियन रोड्स काँग्रेसने काढली ती 2001 साली. 2014 मध्ये ती सुधारली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने तर चरावरच्या प्लेटचा घर्षणांक किमान 0.35 हवा, असा आकडाच ठरवून दिला आहे.

नुसत्या नक्षीनेही भागत नाही. चाकांखाली उंचवटे झिजतात. मग त्यावर वाळू मिसळलेला चिकट लेप द्यावा लागतो. आपल्याकडे काही जण सळईचे तुकडे वेल्ड करतात, तेही चालतं. प्लेट चराच्या दोन्ही काठांवर चांगली फूटभर टेकली पाहिजे आणि हलू नये म्हणून खुंट्या ठोकल्या पाहिजेत. जाडीत काटकसर केली तर ती महागात पडते. जाडी निम्मी केली, की त्याच ओझ्याखाली प्लेट आठपट वाकते. आठ फूट बाय चार फूट, वीस मिलिमीटर जाडीच्या प्लेटचं वजन साडेचारशे किलोंच्या वर जातं. हाताने ती हलत नाही, म्हणून पातळ प्लेट आणण्याचा मोह होतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रस्त्यावरच्या साध्या माणसाच्या पडण्याला 'त्याचीच चूक' न म्हणता कुणीतरी जबाबदार धरलं गेलं, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं. आषाढीला आमच्या तालुक्यातून दिंड्या पंढरीकडे जातात, त्यांत कितीतरी वारकरी अनवाणी असतात. त्यांचं पाऊलही याच रस्त्यावर पडतं.

त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी मुकादमाच्या मागे लागून जेसीबी बोलावला. प्लेट उलटवायला दहा मिनिटं लागली. पुढचे पंधरा दिवस गाड्यांचा खडखडाट रात्रभर ऐकू येत होता. गल्लीतून कुणी तक्रार केली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)