नेकेड सिटी, द

न्यूयॉर्क शहरातील एका खुनाच्या पोलीस तपासावर आधारलेला अमेरिकन कृष्णधवल चित्रपट (१९४८). दिग्दर्शक जूल्स डॅसिन, निर्माते मार्क हेलिंजर. मूळ कथा मॅल्विन वॉल्ड यांची असून पटकथा त्यांनी अल्बर्ट मॉल्ट्झ यांच्यासह लिहिली. शीर्षक वीजी या वृत्तछायाचित्रकाराच्या १९४५ सालच्या छायाचित्रसंग्रहावरून घेतले आहे.

जीन डेक्स्टर ही तरुण मॉडेल राहत्या घरी, न्हाणीघरातील टबात मृत आढळते. तपास मुरब्बी लेफ्टनंट डॅन मल्डून (बॅरी फिट्झजेरल्ड) आणि नवखा डिटेक्टिव्ह जिमी हॅलोरन (डॉन टेलर) यांच्याकडे येतो. फ्रँक नाइल्स (हॉवर्ड डफ) याची एकामागून एक खोटी विधाने उघडी पडतात, दागिन्यांच्या चोऱ्यांचा माग लागतो आणि अखेर विली गार्झा (टेड डी कॉर्सिया) या एकेकाळच्या कुस्तीगिराचा शोध सुरू होतो.

त्या काळच्या पडद्यावरील गुप्तहेर बहुधा एकांडा आणि तल्लख असे. येथे तपास म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेले, चिकाटीचे आणि बरेचसे कंटाळवाणे काम आहे. लोअर ईस्ट साइडच्या गल्ल्यांत हॅलोरन दुकानामागून दुकान पालथे घालतो. बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो. हे नकार कापून न टाकता दाखवले, यातच चित्रपटाचे मोठेपण आहे. शवागारात आलेल्या मृत मुलीच्या आईचा प्रसंगही विसरता येत नाही. आधी ती मुलीला दूषणे देते आणि देह समोर येताच कोसळते. खून म्हणजे निव्वळ कोडे नव्हे, हे येथे एकाही उपदेशपर वाक्याविना कळते.

चित्रीकरणाचा मोठा भाग स्टुडिओबाहेर, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर झाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चाहूल लागू नये म्हणून काही वेळा कॅमेरा गाडीत, केवळ आतूनच आरपार दिसणाऱ्या काचेमागे लपवला जाई. त्यामुळे उन्हाळ्याने त्रासलेले, कामावर निघालेले खरे न्यूयॉर्ककर पडद्यावर आले. विल्यम्सबर्ग पुलावरचा अंतिम पाठलाग या शैलीचा कळस होय. छायालेखक विल्यम डॅनियल्स आणि संकलक पॉल वेदरवॅक्स या दोघांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. निवेदन खुद्द हेलिंजर यांनी केले. काही ठिकाणी ते गरजेपेक्षा जास्त बोलते, तरी शहराविषयीची त्यांची माया आवाजातून जाणवते. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, डिसेंबर १९४७ मध्ये, त्यांचे निधन झाले.

पुढे अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी मोहिमेत पटकथाकार मॉल्ट्झ यांना तुरुंगवास घडला. डॅसिन यांचे नावही काळ्या यादीत गेले. ते युरोपात गेले आणि १९५५ मध्ये फ्रान्समध्ये त्यांनी ‘रिफिफी’ हा गाजलेला गुन्हेपट केला. ‘द नेकेड सिटी’वर आधारलेली ‘नेकेड सिटी’ ही दूरचित्रवाणी मालिका १९५८ ते १९६३ या काळात चालली. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत मूळ चित्रपटाचा समावेश झाला.