होमरच्या उपमांतली माणसं

शाळेत आपण उपमा शिकलो ती उपमेय, उपमान, साधर्म्य अशा खुणा करत. तीच सवय घेऊन होमरकडे गेलो, तर आपली फसगत होते. योद्धा सिंहासारखा धावला, एवढं सांगून होमर थांबत नाही. त्याचा सिंह कित्येक दिवसांचा उपाशी असतो, मेंढ्यांच्या वाड्यात शिरू पाहतो, राखणदार कुत्री आणि भाले घेऊन उभे असतात. तोवर आपण लढाई विसरलेलो असतो. मग कवी हळूच परत आणतो.

हा फापटपसारा आहे का? इतिहासाच्या दृष्टीने पाहिलं तर मुळीच नाही. 'इलियड' आणि 'ओडिसी' ही काव्यं इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकात आकाराला आली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांतली कथा मात्र कितीतरी जुन्या, ब्राँझयुगातल्या वीरांची. त्यांची शस्त्रंही ब्राँझची. पण 'ओडिसी'च्या नवव्या सर्गात बघा. एकाक्ष राक्षसाच्या डोळ्यात तापलेला सोट खुपसला जातो, तेव्हा चर्र आवाज होतो; कसा? तर लोहार तापलेली कुऱ्हाड थंड पाण्यात बुडवून तिला पाणी देतो, तसा. इथे लोखंड आलं! कथा जुन्या काळाची, पण उपमेतून कवीच्या भोवतालचं जग आत शिरतं.

आणि त्या जगात कोण असतं? 'इलियड'च्या बाराव्या सर्गात लढाई अगदी बरोबरीत अडकते. तराजूच्या पारड्यांसारखी. तराजू कुणाच्या हातात? लोकर कातणाऱ्या एका कष्टकरी बाईच्या. मुलांसाठी चार पैसे मिळावेत म्हणून ती लोकर काटेकोर तोलते आहे. तिला नाव नाही, कुळ नाही. वीरांच्या कथेत तिला एरवी कोण जागा देणार? उपमेने दिली.

आता सगळ्यात विलक्षण उदाहरण. 'ओडिसी'च्या आठव्या सर्गात अंध गायक डेमोडोकस ट्रॉयच्या पाडावाचं गाणं गातो. लाकडी घोडा, लुटलं जाणारं नगर, ओडिसियसचा पराक्रम. आणि ते ऐकून ओडिसियस रडतो. कसा रडतो? नगरासाठी लढताना पडलेल्या नवऱ्याला मिठी मारून आक्रोश करणाऱ्या बाईसारखा. मागून शत्रू तिला भाल्यांनी ढोसत असतात, गुलाम म्हणून ओढून नेत असतात.

ट्रॉयमधल्या बायकांची अशी गत कुणी केली होती? ओडिसियसने आणि त्याच्या सोबत्यांनीच ना! जेत्याचं रडणं कवीने जितांच्या रडण्याशी नेऊन भिडवलं. त्यावर एका शब्दाचंही भाष्य केलं नाही.

म्हणून आपण उपमा केवळ अलंकार म्हणून वाचायची नाही. ज्यांना कथेत जागा नव्हती, ती माणसं या दारातून आत आली आहेत. त्यांना आपण ओळखायला हवं.