दुरुस्तीचा अधिकार कोणाचा?

संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांत पात्राची घडण मागाहून बदलता यावी का, हा वाद जुना आहे. २००० सालच्या ‘डायब्लो २’मध्ये चुकीचे निवडलेले कौशल्य कायमचेच गळ्यात पडे, ते बदलण्याची मुभा २०१० मध्ये मिळाली. ‘निवडीला किंमत हवी’ हा आक्षेप आम्हांला एरवी पटतो. परंतु २००४ चा ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’ घाईने, शेवट अपुरा ठेवून विक्रीस आला; गाळलेला पुष्कळसा भाग पुढे चाहत्यांनीच जुळवला. ‘बाल्डर्स गेट ३’ने २०२० मध्ये पहिला अंक तेवढा विकला, २०२३ च्या पूर्ण खेळात मात्र १०० सुवर्णमुद्रांत पात्र नव्याने घडविता येते. कर्ता आपली संहिता अशी सुधारत राहणार असेल, तर खेळणाऱ्याला तोच अधिकार कोणत्या न्यायाने नाकारावा?