हमजानामा : चित्रांच्या मालिकेतून सांगितलेली दास्तान

मोगल कारकिर्दीचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम इमारती उभ्या राहतात. ताजमहाल, लाल किल्ला, फतेहपूर सिक्री ही नावे शाळकरी मुलालाही पाठ असतात. परंतु याच बादशहांच्या आश्रयाखाली कापडावर आणि कागदावर जे काम झाले, त्याची ओळख आपल्या समाजात फार थोड्यांना आहे. एखादी लांबलचक कथा एकामागून एक चित्रे दाखवून कशी सांगावी, त्या चित्रांत रंग कसे योजावेत, जवळचे आणि दूरचे कसे दाखवावे, गर्दीच्या प्रसंगातही तोल कसा राखावा, याचा एक मोठा धडा या कामात आहे. तो धडा ज्या ग्रंथात गिरविला गेला त्याचे नाव ‘हमजानामा’. विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांनाही त्याचा इतिहास उपयुक्त वाटेल, अशी आशा आहे.

दास्तान आणि बादशहा

अमीर हमजाची दास्तान इराणात व हिंदुस्थानात शतकानुशतके सांगितली जात होती. हजरत हमजा हे पैगंबरसाहेबांचे चुलते आणि इस्लामच्या इतिहासातील थोर वीर. परंतु दास्तानीतला हमजा हा इतिहासातला नव्हे. तो देव, परी, जादूगार आणि राक्षस यांच्याशी झुंजणारा लोककथेचा नायक आहे, आणि दास्तान ऐकणाऱ्यालाही हा फरक ठाऊक असे.

अकबर बादशहा वयाच्या चौदाव्या वर्षी, इ. स. १५५६ मध्ये गादीवर आला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, तरीही तो रोज ग्रंथ वाचून घेत असे. तरुणपणी हमजाची दास्तान त्याच्या फार आवडीची होती. ती सचित्र करण्याचे प्रचंड काम त्याने हाती घेतले. सुमारे १५६२ ते १५७७ अशी पंधरा वर्षे हे काम चालले. अबुल फजल बारा खंड आणि चौदाशे प्रसंगांची चित्रे असा हिशेब देतो. इतर लेखकांनी दिलेला खंडांचा आकडा थोडा वेगळा आहे, पण कामाचा अवाढव्यपणा सर्वांनीच नोंदविला आहे.

येथे एक शंका सहज मनात येईल. चित्रकलेविषयी उलेमांमध्ये मतभेद होते, मग हे कसे घडले? मशिदीत आणि कुराण शरीफच्या प्रतीत सजीवांची चित्रे नसत. तेथे सुलेखन आणि वेलबुट्टी यांनाच स्थान होते. चित्रे येत ती कथा, काव्य आणि इतिहास यांच्या ग्रंथांत. खुद्द अकबराचे मत असे नोंदलेले आहे की, चित्रकार देह हुबेहूब रेखाटतो, पण त्यात प्राण घालू शकत नाही. त्यामुळे त्याला निर्माणकर्त्याची आठवण अधिकच होते. हे मत सर्वांना पटले असे नाही, पण कारखान्याच्या पाठीशी असलेला विचार त्यातून कळतो.

तब्रीजचे उस्ताद

हुमायून बादशहा राज्य गमावून १५४४ मध्ये इराणच्या शाह तहमास्पकडे आश्रयाला गेला. तेथील चित्रकला पाहून तो थक्क झाला. पुढे शाहचे मन चित्रकलेवरून उडाले, आणि मीर सय्यद अली व ख्वाजा अब्दुस्समद हे दोन नामांकित चित्रकार १५४९ मध्ये काबुलात हुमायूनकडे दाखल झाले. त्यांच्याबरोबरच ते हिंदुस्थानात आले. लहानपणी अकबराने ख्वाजासाहेबांकडे चित्रकलेचे धडे घेतले होते.

हमजानाम्याचे काम प्रथम मीर सय्यद अलीकडे होते. एका समकालीन लेखकाच्या सांगण्याप्रमाणे तीस चित्रकार सतत कामावर असूनही सात वर्षांत चारच खंड पुरे झाले. मीरसाहेब हजला गेले आणि सूत्रे अब्दुस्समद यांच्या हाती आली. त्यानंतर कामाला वेग आला. हाताखालची बहुतेक माणसे याच देशातली होती. त्यांत गुजरात, ग्वाल्हेर, लाहोर, काश्मीर अशा ठिकाणांची माणसे आढळतात, आणि हिंदू व मुसलमान दोन्ही असत. इराणी उस्तादांची बारीक, शांत रेषा आणि इकडच्या कारागिरांचा जोर यांचा मिलाफ या चित्रांत झाला, आणि त्यातून मोगल शैली जन्माला आली.

पान कसे वाचले जाई

हमजानाम्याचे पान सुती कापडाचे, सुमारे सव्वादोन फूट उंच आणि पावणेदोन फूट रुंद आहे. हातात धरून एकट्याने पाहावयाच्या इराणी लघुचित्राच्या मानाने ते फारच मोठे. एका बाजूस चित्र आणि दुसऱ्या बाजूस नस्तालीक अक्षरांत साधारण १९ ओळींचा मजकूर. पानाच्या मागचा मजकूर पुढल्या पानावरील चित्राचा असे, म्हणजे ग्रंथ उघडला की चित्र आणि त्याची कथा समोरासमोर येत. दरबारात चित्र सर्वांसमोर धरावयाचे आणि कथा मोठ्याने वाचावयाची, अशी पद्धत असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे चित्रांच्या रचनेचे रहस्य उलगडते. दहा-पंधरा हातांवर बसलेल्या माणसाला प्रसंग कळला पाहिजे. कथा पुढे सरकत असल्यामुळे तो लवकर कळला पाहिजे. आणि पुढचे चित्र पाहण्याची उत्कंठाही राहिली पाहिजे. रंग, अंतर आणि तोल ही तीन साधने चित्रकारांनी याच कामासाठी राबविली.

रंग

रंग कारखान्यातच तयार होत. बदख्शानच्या खाणीतील लाजवर्द दगडापासून गर्द निळा, हिंगुळापासून तांबडा, हरताळापासून पिवळा, तांब्याच्या गंजापासून हिरवा जंगाल, शिशापासून सफेदा. हे सर्व खलात घोटून, धुऊन, डिंकात कालवावे लागत. जंगालात एक खोड आहे. तो काळजीपूर्वक वापरला नाही तर वर्षांनंतर कागद खातो. खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले आणि चित्राला झिलई देण्यासाठी अकीकाचा दगड, ही त्यांची हत्यारे. रंग म्हणजे नुसती हौस नव्हे, त्यात रसायनाचे ज्ञान होते आणि बरीच मेहनतही होती.

या रंगांची योजना पाहण्यासारखी आहे. खडक, जमीन आणि झाडे यांना मंद रंग, आणि मुख्य पात्रांच्या अंगावर तांबडा, केशरी, पिवळा असे भडक रंग. त्यामुळे दूरच्या प्रेक्षकाची नजर प्रथम नेमकी पात्रावर जाते. भरपूर भडक रंग वापरूनही ही चित्रे कर्कश वाटत नाहीत, याचे कारण एकेक रंग पानावर दोन-तीन ठिकाणी पुन्हा येतो. वरच्या कोपऱ्यातील तांबड्या छताला खालच्या घोड्याचे तांबडे खोगीर उत्तर देते, असा काहीसा प्रकार असतो. डोळा एका तांबड्यावरून दुसऱ्यावर जातो, आणि जाता जाता सारी कथा वाचतो.

जवळ आणि दूर

जवळचे मोठे आणि दूरचे लहान दाखविण्याच्या शास्त्राला आपल्या शाळांत यथार्थदर्शन म्हणतात. इराणी चित्रकाराची रीत निराळी होती. जे दूर ते कागदावर वर, जे जवळ ते खाली. त्याची क्षितिजरेषा फार उंच असे. गालिचा वरून पाहिल्यासारखा सपाट, पण त्यावर बसलेली माणसे समोरून पाहिल्यासारखी. आजच्या परीक्षकाने याला चूक म्हटले तर तो अन्याय ठरेल. कथा सांगणाऱ्याला गालिच्याची नक्षीही दाखवावयाची असते आणि माणसाचा चेहराही. भिंतीबाहेरचा हेर आणि भिंतीआतला राजा हे दोघेही एकाच वेळी दिसावे लागतात. उंचावरून पाहणारी ही दृष्टी कथेच्या सोयीची आहे.

आकाराच्या बाबतीतही कथेचाच हुकूम चाले. जुमुर्रुद शाह नावाचा अजस्र शत्रू विहिरीत अडकतो आणि माळी त्याला बडवून काढतात, असा एक विनोदी प्रसंग आहे. हे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तेथे राक्षसाचे धूड माळ्यांच्या कितीतरी पट मोठे आहे. एवढा बलाढ्य देह, आणि त्याच्यावर सामान्य माळ्यांचा मार! आकारातला फरक पाहताच प्रेक्षकाला हसू येते.

पुढे १५८० मध्ये जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला आले आणि त्यांनी अँटवर्प येथे छापलेले, चित्रे असलेले बायबल अकबराला भेट दिले. युरोपीय चित्रांतील दूरची गावे लहान आणि फिकट निळसर होत जातात, हे दरबारच्या चित्रकारांनी बारकाईने पाहिले. अकबरनाम्याच्या चित्रांत मागे दूरवर अशी लहान शहरे दिसू लागली. मात्र त्यांनी आपली जुनी रीत टाकली नाही. नवे तेवढे उचलले आणि जुन्यात मुरविले. परक्या विद्येकडे पाहण्याचा हा निर्भय पण स्वाभिमानी दृष्टिकोन आजच्या विद्यार्थ्यानेही मनात ठेवण्यासारखा आहे.

तोल

तोल म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी माणसे बसविणे नव्हे. अशा रचनेत चित्र स्थिर होते आणि कथा थांबते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हमजानाम्याचे एक पान आहे. हजरत इलियास राजपुत्र नूर-उद्-दहर याला समुद्रातून वाचवीत आहेत. खालच्या भागात खवळलेले पाणी आणि जलचर, वरच्या भागात दाट झाडी. खालच्या अस्वस्थ पाण्याला वरच्या भरगच्च झाडीचे वजन सावरून धरते, आणि या दोहोंच्या मध्ये मदतीचा हात दिसतो.

याच विद्येची पुढची पायरी अकबरनाम्यात दिसते. इ. स. १५६१ मध्ये तरुण अकबराने आग्र्याला ‘हवाई’ नावाच्या मस्त हत्तीवर बसून दुसऱ्या हत्तीचा पाठलाग केला. तो पाठलाग यमुनेवरील होड्यांच्या पुलावरून गेला. हा प्रसंग समोरासमोरच्या दोन पानांवर रंगविलेला आहे. पूल खचतो आहे, माणसे पाण्यात पडत आहेत. वजन सारे हत्तींकडे झुकलेले, तरीही चित्र कलत नाही, कारण दुसऱ्या बाजूस किल्ल्याच्या भिंती आणि भयचकित माणसे आहेत. रचना बसावनची आणि रंगकाम चेतरचे. एकाने आराखडा काढावा, दुसऱ्याने रंग भरावेत, कधी तिसऱ्याने चेहरे करावेत, अशी कारखान्याची वाटणी होती, आणि कारकून समासात प्रत्येकाचे नाव लिहून ठेवी. दर आठवड्याला काम बादशहासमोर मांडले जाई, आणि ज्याचे काम सरस त्याला इनाम किंवा पगारवाढ मिळे.

पालखीवाल्याचा मुलगा

या कारखान्यातील सर्वांत हृदयस्पर्शी कथा दसवंतची आहे. तो एका कहाराचा, म्हणजे पालखी वाहणाऱ्याचा मुलगा. चित्रांच्या वेडापायी तो भिंतींवर आकृत्या काढीत असे. अकबराच्या नजरेस त्या पडल्या आणि त्याने मुलाला ख्वाजा अब्दुस्समद यांच्या स्वाधीन केले. थोड्याच काळात शागीर्द उस्तादांच्या पंक्तीला जाऊन बसला. महाभारताच्या फारसी भाषांतरातील, म्हणजे ‘रज्मनाम्या’तील चित्रांच्या रचनांत त्याचा मोठा वाटा आहे. दुर्दैवाने मानसिक आजाराने त्याला ग्रासले आणि १५८४ मध्ये त्याने आपले जीवन संपविले. तरी अबुल फजलने आपल्या चित्रकारांच्या यादीत तब्रीजच्या दोन उस्तादांच्या लगेच मागे या पालखीवाल्याच्या मुलाचे नाव लिहिले आहे. गुणाला उस्ताद आणि आश्रय मिळाला म्हणजे काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. जहांगीरच्या काळात तर नादिरा बानू आणि सहीफा बानू या स्त्री चित्रकारांचीही नावे चित्रांवर आढळतात.

जे उरले ते

चौदाशे चित्रांपैकी आज दोनशेही उरलेली नाहीत. सुमारे साठ पाने व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. ती १८७३ च्या तेथील जागतिक प्रदर्शनात इराणकडून मिळाली. काही पाने १८८१ मध्ये श्रीनगरात एका इंग्रज अधिकाऱ्याला सापडली. थंडी अडविण्यासाठी ती खिडक्यांना लावलेली होती! ज्या कामासाठी बादशहाने पंधरा वर्षे खर्चिली, त्याची किंमत न कळल्यामुळे अशी दशा झाली. ठेवा लुटला गेला म्हणून आपण हळहळतो, पण जो ठेवा ओळखताच येत नाही तोही हातचा जातो.

महाराष्ट्रातही या विद्येचे धागे आहेत. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ रचलेल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या सचित्र फारसी काव्याची प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन केलेली आहे. पंचतंत्राच्या गोष्टींतून उतरलेल्या ‘अन्वार-इ-सुहैली’ची अकबरकालीन चित्रे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरून कथा सांगत आले. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दरबार निराळा, धर्मकथा निराळी, पण चित्र पुढे धरून कथा सांगण्याची रीत तीच.

म्हणून पालकांना एवढीच विनंती आहे की, मूल वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढताना दिसले तर वेळ वाया जातो असे समजून त्याला एकदम रागावू नये. त्याला उस्ताद मिळवून द्यावा, शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट चित्रकला परीक्षांना बसवावे, सुट्टीत संग्रहालय दाखवावे. आणि विद्यार्थ्यांनी हे विसरू नये की दसवंतला संधी मिळाली ती भिंतीवरच्या रेघोट्यांमुळे, पण तो दसवंत झाला तो उस्तादासमोर वर्षानुवर्षे बसून. हौस पुष्कळांना असते, तिला शिस्तीची जोड मिळाली म्हणजे इल्म होतो.