खैरलांजीच्या निकालातून जात कुठे गेली?

मुंबई-हावडा मार्गावरच्या भंडारा रोड स्टेशनवर उतरणारा माणूस प्रत्यक्षात वरठीत उतरतो. सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे हे गाव बाहेरच्यांना माहीत आहे. वरठी ज्या मोहाडी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी तिथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातल्या आई, मुलगी आणि दोन मुलांना ठार मारण्यात आले. शेजारच्या गावच्या दलित पोलीस पाटलाला झालेल्या मारहाणीत मायलेकींनी आरोपींना ओळखले होते. ते आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटून आले होते.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले आणि त्यातल्या सहा जणांना फाशी सुनावली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आठही जणांची शिक्षा २५ वर्षांच्या सश्रम कारावासावर आणली. अजूनही लोक आम्हाला विचारतात, "शिक्षा तर झाली, मग तुमची तक्रार काय?" तक्रार अशी आहे की दोन्ही न्यायालयांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम टिकले नाही. खून सिद्ध झाले, जात सिद्ध झाली नाही. खैरलांजीचा गुन्हा कागदोपत्री बदल्याचा गुन्हा ठरला.

तरुण मित्रांनो, हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर न्यायाधीशांना शिव्या देऊन भागणार नाही. कायद्यातल्या एका शब्दाचा इतिहास वाचावा लागतो. तो शब्द आहे 'कारणावरून'.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत अस्पृश्यता नष्ट करणारे कलम चर्चेला आले. मसुद्यात त्याचा क्रमांक ११ होता, आज तो अनुच्छेद १७ आहे. बंगालचे सदस्य नझिरुद्दीन अहमद यांनी दुरुस्ती सुचवली की कोणालाही 'धर्माच्या किंवा जातीच्या कारणावरून' अस्पृश्य मानले जाऊ नये, अशी शब्दरचना करावी. के. टी. शहा यांचा आक्षेप वेगळा होता. अस्पृश्यतेची व्याख्याच कुठे दिलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी अहमद यांची दुरुस्ती स्वीकारली नाही आणि शहांच्या आक्षेपाला उत्तर देण्याचेही टाळले. कलम व्याख्येशिवाय आणि 'कारणावरून' या शब्दाशिवाय मंजूर झाले. (मंजूर होताच सभागृहात जयजयकार झाला तो गांधींचा, हेही नोंदवून ठेवा.)

आता अनुच्छेद १५ शेजारी ठेवून वाचा. तिथे राज्याने 'केवळ' धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करू नये, असे म्हटले आहे. अनुच्छेद १७ मध्ये 'केवळ'ही नाही आणि 'कारणावरून'ही नाही. अस्पृश्यता नष्ट झाली आहे, तिचे कोणत्याही स्वरूपातले आचरण निषिद्ध आहे, एवढेच. करणाऱ्याच्या मनात काय होते, याची चौकशी हे कलम करत नाही.

पण गाळलेला शब्द पुढच्या कायद्यांतून परत आला. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात गुन्हा 'अस्पृश्यतेच्या कारणावरून' घडलेला असावा लागे. तो कायदा करणाऱ्यांना निदान धोका कळला होता. त्याच कायद्याच्या कलम १२ ने सांगितले की पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे, आणि तसे नव्हते हे आरोपीने दाखवावे. एवढे असूनही कायदा लुळाच पडला. अमेरिकन कायदेपंडित मार्क गॅलँटर यांनी १९६९ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत त्याची चिकित्सा केली. हेतू सिद्ध करण्याची अडचण त्यांनी तेव्हाच दाखवून दिली होती.

१९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आला तो जास्त कडक म्हणून. त्याच्या उद्देशपत्रिकेत साफ लिहिले होते की दलित आपले हक्क मागू लागले की हितसंबंधी लोक त्यांच्यावर दहशत बसवतात. आणि तरीही कलम ३(२)(५) मध्ये, म्हणजे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला जन्मठेप देणाऱ्या कलमात, 'पीडित अनुसूचित जातीचा आहे या कारणावरून' ही अट बसली. १९५५ चे गृहीतक मात्र त्या कलमाला जोडले गेले नाही. कडक म्हणवल्या जाणाऱ्या कायद्याच्या इतक्या कडक कलमाला जुन्या, सौम्य कायद्याइतकाही आधार नव्हता! नोव्हेंबर २००६ मध्ये विदर्भ खैरलांजीसाठी रस्त्यावर होता. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रामदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात म्हटले की पीडित स्त्री अनुसूचित जातीची आहे एवढ्यावरून हे कलम लागत नाही.

मग खैरलांजीत 'बदला' आणि 'जात' यांची फारकत झाली, यात नवल ते काय? आमचे म्हणणे साधे आहे. दलित बाईने साक्ष दिली, जमीन राखली, मुलीला शिकवले, याचा राग चौघांच्या खुनापर्यंत जातो तेव्हा त्या रागाला जातीबाहेर शोधायचे कुठे? १९८९ ची उद्देशपत्रिका नेमक्या याच रागाचे वर्णन करते. कायद्याचे प्राध्यापक नसलेल्या आनंद तेलतुंबडे यांनी २००८ मध्ये खैरलांजीवर पुस्तक लिहून हे मांडले. कल्पना कन्नबीरन यांनी २०१२ मध्ये भेदभावविरोध आणि स्वातंत्र्य यांना एकत्र बांधून संविधान वाचले. त्याच्याही आधी, १९९२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी बोअरवेलचे पाणी बंदुकीच्या धाकाने अडवल्याच्या कर्नाटकातल्या अप्पा बाळू इंगळे खटल्यात लिहिले होते की अस्पृश्यतेच्या गुन्ह्यात दुष्ट हेतू हा आवश्यक घटक मानू नये. ती वाट रुळली असती तर!

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद आम्ही हलका मानत नाही. फौजदारी कायद्यात हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची असते आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. हे तत्त्व उद्या आपल्यालाच लागते. १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, तेलतुंबडेंना यूएपीएखाली तुरुंगात जावे लागले, ते विसरू नका. पण आरोपीला खोडता येईल असे गृहीतक म्हणजे त्या तत्त्वाचा खून नव्हे. हुंडाबळीच्या खटल्यात तसे गृहीतक आहे आणि त्याने आकाश कोसळले नाही. जातीचा विषय आला की मात्र 'गैरवापरा'ची भाषा सुरू होते. मार्च २०१८ च्या सुभाष काशिनाथ महाजन निकालात तीच भाषा होती. २ एप्रिलचा भारत बंद, संसदेने घातलेले कलम १८-अ आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने स्वतःच मागे घेतलेले निर्देश हा पुढचा इतिहास तुम्हाला पाठ आहे.

त्यामानाने दुसरा बदल कमी लोकांना माहीत आहे. २६ जानेवारी २०१६ पासून 'या कारणावरून' हे शब्द काढून 'पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे माहीत असताना' असे शब्द आले. सोबत कलम ८(क) आले. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल तर जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरेल, उलट सिद्ध होईपर्यंत. खेड्यात कोणाची जात कोणाला माहीत नसते? बाबासाहेबांनी १९४८ मध्ये बाहेर ठेवलेला शब्द या कलमातून निघायला ६७ वर्षे लागली.

जुन्या घटनांना जुनाच शब्द लागू राहतो. एप्रिल २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात, एका अंध दलित तरुणीवरच्या बलात्काराच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कायदा-प्राध्यापिका किंबर्ले क्रेनशॉ यांच्या मांडणीचा आधार घेतला. जात हे अनेक कारणांपैकी एक असले तरी पुरे, 'केवळ' जातच असावी असे कलम म्हणत नाही, असे त्या निकालाने सांगितले. आणि पुराव्याअभावी त्याच निकालात अ‍ॅट्रॉसिटीची शिक्षा रद्द केली. घटना २०१६ च्या आधीची होती.

म्हणून भंडारा-गोंदियातल्या आमच्या कार्यकर्त्यांना आम्ही सांगतो, फिर्याद लिहिली जात असताना ठाण्यात बसा. आरोपी आणि पीडित एकाच गावचे आहेत का, किती वर्षांची ओळख आहे, घर कोणत्या वस्तीत आहे, हे जबाबात पहिल्याच दिवशी येऊ द्या. कलम ८(क) चा पाया तिथेच पडतो. तो जबाब नंतर कोणी दुरुस्त करून देत नाही.